बुधवारचं धुणं

पेण
९ जानेवारी १९९५

प्रिय इंदू,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. गुडघा अधूनमधून रुसतो, पण मी त्याची समजूत काढत बसत नाही. ओढ्यावर धुणं धुऊन तुमच्या आळीतल्या बायकांचे हात सोलतात आणि ओढ्यात पाणी सोडणारे कंपनीवाले म्हणतात, आमचं पाणी स्वच्छ आहे, पुरावा आणा. हे वाचून दोन दिवस मनातून जाईना.

मग कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर आठवल्या. माझ्या पांढऱ्या झग्यावर वरण सांडलं होतं. साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला आणि मी रडू लागले. सिस्टरनी मला जवळ घेऊन समजावलं, की साबण, कॉस्टिक असलं काही लागलं की हळद लाल होते, चांगल्या पाण्यात पिवळीच राहते. हळद चहाडी करते, म्हणाल्या. पुढे इथल्या शाळेत मुलींना मी पस्तीस वर्षं तेच शिकवलं.

तेव्हा या संक्रांतीला प्लास्टिकचे डबे लुटू नकोस. मी कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवल्या आहेत, त्याच वाण म्हणून दे. बायकांनी रोज ओढ्यात एक बुडवावी आणि तारीख घालून ठेवावी. गोपाळला आधी सांगू नकोस. माझा धाकटा भाऊ खरा, पण त्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज झाल्यापासून तो घरातही शिफ्ट इनचार्जच असतो.

तुझ्यावर जीव असलेली,
वत्सला


रोहा
३० जानेवारी १९९५

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पट्ट्या मिळाल्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तीसेक बायका आल्या, सगळ्यांना वाण दिलं. नणंद मास्तरीण असली की वाणसुद्धा शाळेचंच मिळतं, असं मला ऐकवून झालं. दोन दिवसांनी चौकशी केली तर एकीनंही पट्टी भिजवलेली नाही. हळदीचं वाण पाण्यात कसं टाकायचं, म्हणून सगळ्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवून वर अक्षता वाहिलेल्या. मी कपाळाला हात लावला.

शेवटी पुढे झाली ती पुतळी. मला खाडीची मासळी आणून देते ती. तिचं म्हणणं पडलं, की द्येवाला काय वड्यात उतरायचं नाय, उतरायचं हाय ते आपल्याला. तिनं पट्टी बुडवली, मग बाकीच्यांनी.

वन्सं, इतर दिवशी पट्टी पिवळी राहते. बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला लाल होते. दोन्ही बुधवारी झाली. बुधवारी कंपनीतल्या टाक्या कॉस्टिकनं धुतात. ते पाणी शुद्ध करून ओढ्यात सोडलं, अशी रजिस्टरात सही करतात ते हेच.

बायकांना हे ठाऊक नाही. सगळ्या पट्ट्या जोडून सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा त्यांनी ठरवलाय, आणि लिहायला मलाच सांगितलंय. लिहिला तर यांची नोकरी जाईल. नाही लिहिला तर मासळी खारवताना पुतळीच्या बोटांच्या भेगांत मीठ जातं, ते मी कोणत्या तोंडानं बघू? पट्ट्या तांदळाच्या डब्यात लपवल्यात. काय करू, ते लवकर कळवा.

आपली,
इंदू


पेण
२ फेब्रुवारी १९९५

प्रिय इंदू,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आई गेली तेव्हा गोपाळ सहा वर्षांचा होता. मी त्याला भोगावती नदीवर आंघोळीला न्यायची. पाणी गुडघ्याला लागलं की माझा परकर घट्ट धरायचा आणि वर बघून विचारायचा, की ताई, तळ दिसतोय ना? तेव्हा तळ दिसायचा गं.

तो लबाड नाही. पण सहीची हाताला सवय लागते. मीसुद्धा कितीतरी हजेरीपत्रकांवर डोळे मिटून सह्या केल्या आहेत.

अर्ज लिही. फक्त आठ दिवस थांब आणि आधी त्याला एक कोरी पट्टी दे. बुधवारी त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेव आणि कशाला ठेवली तेवढं सांग. भांडू नकोस. त्यानं स्वतः बुडवली तर उत्तम. नाही बुडवली तर अर्जावर पहिली सही करायला मी पेणहून येईन, त्याची बहीण म्हणून. नोकरी गेलीच, तर माझं घर तुम्हां दोघांना पुरेल.

काळजी घे, आणि एकटी रडू नकोस.
वत्सला


रोहा
२३ मार्च १९९५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

इंदू म्हणाली, हे पत्र तुम्हीच लिहा. तिनं पट्टी दिली तेव्हा मी आधी हसलो, मग ओरडलो. पण सात वाजता पाणी सुटल्यावर, कोणी बघत नाही अशी खात्री करून ओढ्याच्या तोंडाशी गेलो आणि बुडवली. लाल झाली.

त्या पाण्यात आम्ल मिसळून त्याचा दाह मारायचा पंप दिवाळीपासून बंद होता. दुरुस्तीची मागणी मी एकदा लिहून दिली आणि विसरलो. सही मात्र दर बुधवारी करत राहिलो. त्या दिवशी पाणी तिथंच बंद केलं आणि सहीच्या जागी ती पट्टी चिकटवली. मॅनेजरसाहेबांनी मला नोटीस दिली. पुढच्याच आठवड्यात इंदूनं बायकांबरोबर अर्ज दिला. त्यात खोटी सही कोणी केली आणि पाणी कोणी बंद केलं, दोन्हीकडे माझंच नाव तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. अधिकारी येऊन गेले, नवा पंप बसला. माझी नोकरी राहिली, बढती गेली आणि शिफ्ट दुपारची झाली. तक्रार नाही.

त्यानंतर चार बुधवार पट्टी पिवळी राहिली, तरी बुधवारी ओढ्यावर कोणी फिरकेना. काल मी स्वतः पुतळीकडे गेलो. ती म्हणाली, कागदाचं खरं आसंल, पर साहेबाचा भरवसा नाय. आधी साहेबाचा शर्ट धुवायचा, तो टिकला तर आमची लुगडी. मला थट्टा वाटली. पण ओढ्यावर आल्यावर तिनं हात पुढे केला, तो मागे घेईना. बाकीच्या तोंडाला पदर लावून उभ्या.

शर्ट काढून दिला आणि बनियनवर दगडावर बसलो. पुतळीनं तो हवा त्याहून जास्त आपटला, कॉलर तर विशेष. मग पिळून माझ्या अंगावर टाकला. आपले तळवे उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिली, आणि लेकीला हाक मारून सांगितलं, की जा गो, घरचं धुणं घेऊन ये.

तुझा लोभ आहेच, थोडा रागही राहू दे.
तुझा,
गोपाळ