कॅप्टनचा श्वास

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. म्हणजे जी होती तीच आहे, नवीन कुणी नाही. फोनवर काही लिहिलं की तू वाचतेस आणि उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतेस. बोलावं म्हटलं तर ती सोय माझ्याकडे आता राहिली नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. निदान त्याला तरी तुला धड उत्तर द्यावं लागेल.

आधी घरचं सांगते. तुझे भाऊजी मजेत आहेत, जरा नको तितकेच. लग्न झाल्यापासून या घरात त्यांना शेवटचा शब्द कधी मिळाला नव्हता, आता रोज मिळतो. मी पाटीवर उत्तर लिहून होईपर्यंत ते दुसऱ्या खोलीत गेलेले असतात. मग मी पाटी घेऊन त्यांच्या मागे, आणि ते चष्मा शोधायच्या मागे. परवा दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर पडलं आणि मी शेजारीच उभी होते. नाकातून हवाच जात नाही तर वास कुठून येणार? ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं, की स्वरयंत्र काढलं की श्वास गळ्यावरच्या भोकातून घ्यायचा, नाकाचं काम संपलं. मी मान डोलावली होती. तेव्हा जीव आवाजासाठी तुटत होता, नाकाकडे कोण बघतंय!

मालिकेचा तो भाग मी रविवारी दुपारी बघितला. तू कळवलं नाहीस, तरी मला कळलंच. इतकी वर्षं त्या परदेशी अंतराळयानाच्या कॅप्टनच्या तोंडून आपल्या भाषेत मी बोलले, आता डबिंगला तू बोलतेस. तेव्हा ती बाई काय करते यावर माझं लक्ष असणारच. आणि बघते तर काय, पाऊण तासभर काहीच नाही. शत्रू नाही, स्फोट नाही, एकही ग्रह फुटला नाही. कॅप्टन तिच्या खोलीत खुर्चीवर बसून दूरच्या ग्रहावरच्या बहिणीशी रेडिओवर बोलते आहे. यान आता अशा जागी चाललंय जिथून आवाज पोचणार नाही, हे तिला ठाऊक आहे, बहिणीला नाही. आणि सांगते काय, तर खिडकीचा पडदा आखूड झालाय आणि उशी बदलायला हवी. शेवटी ती रेडिओचं बटण बंद करते, संपला भाग.

त्यावर लोकांनी जे काही लिहिलंय ते मी सगळं वाचलं. हो, सगळं. मला दुसरं काम काय आहे? एकाने लिहिलंय, बाईच्या उशीचं ऐकायला मी जेवण गार केलं का? दुसरा म्हणतो, लेखक सुट्टीवर गेलेत आणि त्यांच्या आईने हा भाग लिहिलाय. त्याला कुणीतरी उत्तर दिलंय की आईनेच लिहीत राहावं. एका नर्सने लिहिलंय की ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसून बघितला आणि तशीच उठून भावाला फोन लावला, ज्याच्याशी ती बोलत नव्हती. एका बसड्रायव्हरने लिहिलंय की मला काहीच कळलं नाही पण डोळे का भरले ते कुणी सांगेल का. ते वाचून मलाही भरून आलं.

आणि मग ती दुसरी भांडणं, जी तूही वाचली असणार. ही आमची कॅप्टन नव्हे. जुना आवाज परत आणा. ही कोण मिळमिळीत बाई आणून बसवलीय? आपली नावं पडद्यावर येत नाहीत, त्यामुळे जुनी कुठे गेली आणि नवी कोण, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नाही. एकाने तर ठामपणे लिहिलंय की जुनीने पैसे वाढवून मागितले म्हणून तिला काढलं. मी ते तुझ्या भाऊजींना दाखवलं, तर म्हणाले, तुझ्यात तेवढी अक्कल असती तर आपलं घर मोठं नसतं का झालं!

खरं सांगू? जुना आवाज परत आणा, हे वाचून मला गुदगुल्या झाल्या. मी ते वाक्य परत परत शोधून वाचलं. माणूस किती लबाड असतो बघ. पण तुझं काम मी डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐकलं, आणि मग मात्र मला मत्सर वाटला. इतकी वर्षं मी स्टुडिओच्या त्या खोलीत कानाला हेडफोन लावून काय केलं? ढाली वर करा! डावीकडे वळवा! सगळे दरवाजे बंद करा! त्या बाईच्या ओठांशी ओठ जुळवून मी नुसते हुकूम सोडले. कधीतरी ती रडेल, कुणाची तरी आठवण काढेल, एखादं वाक्य हळू म्हणेल, म्हणून वाट बघत राहिले. आणि तो प्रसंग लिहिला गेला तो कधी, तर माझा गळा गेल्यावर. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नाहीत. याचं मला वाईट वाटतं, ठकू. खूप वाटतं. शहाण्यासारखं वागून ते कमी होत नाही.

पण उशीचं ते वाक्य तू जसं म्हटलंस तसं मला जमलं नसतं. मी त्यात दुःख ओतलं असतं बादलीभर. तू ते उशीबद्दलच बोलल्यासारखं बोललीस.

आता श्वासाचं. लोकांनी सगळ्यात जास्त ज्यावर लिहिलंय ते वाक्य नाहीच आहे, बटण बंद करण्याआधी कॅप्टन जो श्वास घेते तो आहे. किती जणांनी लिहिलंय, की त्या श्वासाने आमचा जीव घेतला. भाग बघताना मी सूप पीत होते. चमचा तसाच हातात राहिला. कारण त्या श्वासात बारीक शिट्टी होती.

ती शिट्टी माझी आहे, हे तुझ्याशिवाय कोण ओळखणार? तूच मला झोक्यावरून ढकललं होतंस आणि माझं नाक कायमचं वाकडं झालं. त्यानंतर लपाछपीत मी एकदाही जिंकले नाही. कपाटात लपले काय, पलंगाखाली लपले काय, श्वास घेतला की शिट्टी, आणि तू हजर. नाक तूच मोडायचं आणि त्यावर तूच जिंकायचं, असा आपला न्याय. स्टुडिओत त्याच शिट्टीने कात्रीला वैताग आणला. तू त्याला आता ओळखतेसच, आवाज कापून कापून ज्याला सगळे कात्रीच म्हणतात तो आपला रेकॉर्डिस्ट. काचेपलीकडून तो कपाळावर हात मारायचा आणि माझा प्रत्येक श्वास उचलून फेकायचा. वाक्य माझं ठेवायचा आणि श्वास कोरड्या, सरळ नाकाच्या दुसऱ्या कुणाचा तरी लावायचा. निदान मला वाटत होतं की फेकतो. मेल्याने जपून ठेवले होते.

आणि हा श्वास कुठला तेही मी ओळखलं. आई गेली त्या दिवसाचा. तुझा फोन कात्रीने घेतला होता. त्याने काचेपलीकडून माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला कळलं. माझा श्वास आत गेला, आणि पडद्यावर त्या बाईचे ओठ हलले तसं मी वाक्य म्हटलं. सगळे दरवाजे बंद करा. मग राहिलेली वाक्यंही म्हटली. काही घाई उरली नव्हती, आई तर गेलीच होती, आणि त्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की ते खरं होणार होतं. मी पोचले तोवर हॉस्पिटलातलं सगळं तू एकटीने उरकलं होतंस. तेव्हा तू एकदाच म्हणालीस, की आई गेली आणि तू तिथे दरवाजे बंद करत होतीस. त्यानंतर तू ते कधी काढलं नाहीस, मीही काढलं नाही. मग आपण पडदे, उश्या, पाहुणे, असलंच काहीतरी बोलत राहिलो.

कात्रीने तो श्वास तुला ऐकवला असणार, आणि तिथे तोच लावायचा असं तूच ठरवलं असणार. मी विचारत नाही. ऐकलास ना, एवढं मला पुरे.

आता पत्र का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात स्टुडिओचे मॅनेजरसाहेब घरी आले होते, फळं घेऊन. फळं बघूनच माझ्या लक्षात आलं की काहीतरी हवंय. म्हणाले, लोक जुना आवाज मागतायत, आणि तो आता देता येतो. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर माझा आवाज बनवतो, वाट्टेल ते वाक्य म्हणतो, फक्त माझी सही हवी. मी पाटीवर तुझं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तर म्हणाले, धाकट्या ताईंना विचारलंय, ताई हो म्हणाली तर मी बाजूला होते म्हणाल्या. मला न विचारता हे असं परस्पर म्हणून मोकळी झालीस! लहानपणी खाऊचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकून पळून जायचीस, तशीच आहेस अजून.

मग ते म्हणाले, बघा तर खरं, या यंत्रावर काहीही लिहा. मी तुझंच नाव लिहिलं, ठकू. आणि माझ्या आवाजात हाक आली. तुझे भाऊजी गच्चीतून कुंडी टाकून धावत आले, हातापायाला माती तशीच. दारात उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, मग त्या यंत्राकडे, आणि परत गच्चीत गेले. शेवटचा शब्द त्यांना त्या दिवशी नको होता. मी मात्र ती हाक पुन्हा पुन्हा लावली. किती गोड होती म्हणून सांगू! सही करावी असं इतकं वाटलं की मी पेन उघडलंसुद्धा. माझाच आवाज, मलाच परत, आणि कधी न थकणारा.

पण काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळायला मला वेळ लागला. हाकेच्या आधी शिट्टी नव्हती. यंत्राला जे दिलं होतं ते कात्रीने साफ केलेलं, श्वास काढून टाकलेलं. ती बाई श्वास न घेता तुला हाक मारत होती. मी तुला अशी कधी हाक मारली नाही. माझ्या तोंडून नाव निघायच्या आधीच तू वळायचीस.

तर मी पेन बंद केलं आणि पाटीवर मोठ्या अक्षरात नाही लिहिलं. साहेबांनी फळं नेली नाहीत हे त्यांचं मोठेपण. तेव्हा तू बाजूला व्हायचं नाहीस. सोमवारी स्टुडिओत जायचंस आणि कॅप्टनला घरी आणायचंस, लोक तुला मिळमिळीत म्हणोत नाहीतर आणखी काही. कात्रीकडे माझे आहेत तेवढे श्वास तुझे. आता नवे होणार नाहीत, पण म्हणून जपूनही ठेवू नकोस. आणि हळूहळू तुझेच घे, तुझं नाक सरळ आहे.

वाईट एवढ्याचंच वाटतं, की आवाज होता तेव्हा मी सगळ्या आकाशभर हुकूम सोडत राहिले, आणि नुसती हाक मारावी म्हणून तुला कधी फोन केला नाही. आता शिट्टीही गेली, ठकू. आता मी लपले तर तुला सापडायची नाही. म्हणून ही जागा आधीच सांगून ठेवते, स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची. ये.

तुझीच, अजूनही तुझ्यापेक्षा मोठी,
ताई