फडकं पांढरंच हवं

आबा, आज माधवनगरला जाऊन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी पुसायची फडकी घेऊन आले. दुकानदारानं आधी निळ्या-काळ्या चौकड्यांचं जाड कापड पुढं टाकलं. म्हणाला, मळखाऊ आहे बाई, पंधरा दिवस धुवायला नको. मी पांढरं दाखवा म्हटलं. त्यानं नाराजीनंच मांजरपाटाचा गठ्ठा खाली काढला. मी प्यायला पाणी मागितलं आणि पिण्याआधी त्यात बोट बुडवून एक थेंब कापडावर सोडला. थेंब आत न जाता तसाच वर बसून राहिला. खळ आहे अजून, मी म्हटलं, दोनदा उकळावं लागेल. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. पदवी घेतलेली बाई पुसण्याचं कापड असं पारखते, हे त्याला पटलं नसावं.

तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. आपल्या घरात बी. ए. झालेली मी पहिलीच. आता सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवते आणि शाळेच्या वसतिगृहाची देखरेख करते. खेड्यापाड्यांतल्या वीस मुली आहेत, स्वयंपाकाला पाळ्या लावून दिल्या आहेत. देश आपला झाला, आता आपली घरं, आपल्या चुली, आपली मनं सगळंच लख्ख करायचं, असं मी त्यांना फार सांगत असते. त्याही बिचाऱ्या ऐकून घेतात. आज मी फडकी उकळायला टाकली तेव्हा एका मुलीनं विचारलं, बाई, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं का? माझ्या वडिलांनी शिकवलं, असं मी सांगितलं. सगळ्या हसल्या. त्यांना ती थट्टाच वाटली. मग मी त्यांना सांगितलं की माझे वडील पलटणीत लांगरी होते, दोनशे शिपायांचा स्वयंपाक करायचे. हे मी बाहेरच्या माणसांना पहिल्यांदाच सांगितलं. कॉलेजात असताना ‘वडील पलटणीत होते’ एवढंच म्हणून मी थांबायची.

मला तुमचं घरी परत येणं आठवतं. उकळत्या डाळीचं पातेलं पायावर कलंडलं आणि पलटणीनं तुम्हाला घरी पाठवलं. लंगडत आलात, आणि आठ दिवसांत चुलीशेजारी एक शहाबादी फरशी बसवलीत. आई तोवर फाटक्या हिरव्या लुगड्याच्या एकाच तुकड्यानं चूल, परात, हात, सगळं पुसायची. तुम्ही तीन खुंट्या ठोकल्यात. एक फडकं हाताचं, एक पोळपाट-परातीचं, एक फरशीचं, तिन्ही पांढरी. एकाची खुंटी दुसऱ्याला नाही. मी शाळेतून येते तेव्हा तुम्ही पाय लांब करून बसलेले असता, मांडीवर जुनेर पसरलेलं. मला जवळ बोलावता, तुकडा उजेडाकडं धरायला लावता, मनगटावर आतल्या बाजूनं फिरवायला लावता, मग पाण्याचा थेंब. कापड पाणी पितंय का बघ, पितंय ते घे. धागा सोडतंय का बघ, सोडतंय ते भाकरीजवळ नको. आणि आई मळखाऊ रंगाचं म्हणाली की तुमचं ठरलेलं, “मळ दिसला पायजे. दिसला म्हंजी माणूस धुतंय.” आई भाकरी थापता थापता म्हणायची, “आवं, त्या फरशीचं आज लगीन हाय का? किती त्वांड पुसताय तिचं.” तुम्ही हसायचात आणि आणखी एकदा पुसायचात.

संध्याकाळी मात्र तुम्ही पटका बांधून चावडीवर जायचात. पलटणीत भरती व्हायला निघालात त्या दिवशी अण्णांनी, तुमच्या थोरल्या भावानं, स्वतः तुमच्या डोक्याला बांधलेला तो पांढरा पटका. धुऊन धुऊन तो लोण्यासारखा मऊ झाला होता. चावडीवर माणसं तुमची चेष्टा करायची हे मला ठाऊक होतं, कारण तुम्हीच ती घरी येऊन रंगवून सांगायचात. आज म्हणे त्यांनी विचारलं, लांगरीबुवा, चूल सारवून आलात का कुणाला सांगून आलात? आणि तुम्ही म्हणे उत्तर दिलंत, सारवून आलो, आता तुमची जीभ पुसायला फडकं हुडकतोय. तुमच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत तुम्ही हसायचात. तिथं जायला तुम्हाला मनापासून आवडायचं.

त्या आषाढात पायाच्या तपासणीसाठी तुम्ही दोन दिवस साताऱ्याला गेलात. पावसापाण्याचं भिजेल म्हणून पटका पेटीत ठेवलात आणि टोपी घालून गेलात. जाताना मला सांगून गेलात की फडकी विरली, पेटीतलं जुनं पांढरं बघून नवी काढून ठेव. लढाईमुळं कापड मिळेनासं झालं होतं. तुम्ही परत आलात तेव्हा तिन्ही खुंट्यांवर नवी फडकी होती, आणि अण्णा तुमच्या आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. काकूनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी फरशीवरचं फडकं दोन बोटांनी उचलून धरलं. जित्या माणसाचा पटका, तोही त्यांनी बांधलेला, आणि त्यानं चुलीपुढचं खरकटं पुसलेलं. मी रडत रडत म्हटलं की मला ते जुनं धोतर वाटलं. अण्णा माझ्याकडं बघतही नव्हते. ते तुम्हाला म्हणाले, “पोरीला कोरेगावच्या शाळंत घातलीस, ती ह्ये शिकून आली. उद्यापास्नं तिची शाळा बंद.”

अण्णांनी एकदा बंद म्हटलं की बंद, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही अंगावरचा ओला सदराही काढला नव्हता. तुम्ही अण्णांच्या हातातून ते फडकं घेतलंत, बोटं त्यावरून फिरवलीत, आणि शांतपणे म्हणालात, “अण्णा, म्याच सांगितलं हुतं तिला. पटका माझा, डोस्कं माझं. पोरीची शाळा त्यात आणू नगा.”

अण्णा जायला वळले. मग म्हणाले, “मग उघड्या डोस्क्यानं चावडीवर येऊ नगंस. चार माणसांत माझी मान खाली जाईल.”

“न्हाई येत,” तुम्ही म्हणालात.

इतकंच. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नवा पटका मिळणं तर शक्यच नव्हतं. शेतात तुम्ही डोक्याला पंचा गुंडाळून जायचात. चावडीवर मात्र पंचा काय, टोपी काय, उघड्या डोक्यासारखंच. मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. दिवाळीनंतरच्या तापात तुम्ही गेलात. अण्णांनी मात्र तुमच्या माघारीही माझी शाळा बंद केली नाही. पुढं साताऱ्याच्या शाळेत मला तेच पोचवायला आले, माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

मुली आता जेवून उठल्या आहेत. आत फरशी पुसण्याचा आवाज येतो आहे. उठून बघावं, कोणत्या फडक्यानं पुसताहेत ते, असं वाटतं; पण आज नको. मला खरं तर तुमच्याजवळ बसायचं आहे, आणि ते होत नाही म्हणून लिहीत बसले आहे. या पत्राला पत्ता नाही. असता तरी पुढचं लिहिल्यावर ते टपालात टाकायचा धीर मला झाला नसता.

आबा, तो पटका आहे हे मला माहीत होतं. पेटीतून काढून उलगडला तेव्हा त्याला तुमच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. धोतर शेजारीच होतं, तेही जुनं, तेही पांढरं. मी कात्री लावली ती पटक्याला. इतकी वर्षं तुम्ही पलटणीत, आणि घरी आलात तर रोज संध्याकाळी चावडीवर; पटकाच नसला तर तुम्ही घरी राहाल, असं माझ्या मनात आलं. आणि तसंच झालं. त्या चार महिन्यांत दिवे लागायच्या वेळेला तुम्ही माझ्याजवळ चुलीपाशी बसायचात, मला धडा वाचायला लावायचात. मधेच चावडीवरून हसण्याचा आवाज आला की मान वर करून दाराकडं बघायचात. ते मला दिसायचं. मी तेवढा वेळ वाचायची थांबायची, आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडं वळलात की मला फार आनंद व्हायचा.