टेसाचा गाइड

६ सप्टेंबर
विभागप्रमुख हेलननी टेसा वॉयचिकला माझ्याकडे सोपवलं. मुलांच्या किडनीविकारात फेलोशिप करतेय, दुसरं वर्ष. संशोधनाला गाइड हवा होता. माणूस बरोबर निवडला. संकल्प: दर मंगळवारी सकाळी आठला एक तास. दार बंद, फोन बंद.

१३ सप्टेंबर
पहिली भेट झकास. किडनी बदललेली मुलं वयात आली की गोळ्या का चुकवतात, हे टेसाला शोधायचंय. गोळ्या चुकल्या की नवी किडनीही जाते. प्रश्न बरा, पण छोटा. मी चौदा हॉस्पिटलं आणि जनुकांचा अभ्यास सुचवला. मग पन्नास मिनिटं माझ्या १९९४च्या पेपरबद्दल बोललो. ती घड्याळाकडे बघत होती. वेळेची शिस्त आहे मुलीत.

४ ऑक्टोबर
तीन मंगळवार हुकले. दोन परिषदा, एक दात. टेसानं विचारलं, माझा अनुदानाचा अर्ज वाचलात का. म्हटलं, संशोधनात धीर हवा. वाक्य आवडलं. भाषणात वापरीन.

१३ नोव्हेंबर, रविवार
आज अर्ज वाचणारच. आधी टीव्हीवर पॅकर्सची फुटबॉल मॅच.
रात्री: मॅच लांबली. त्यात माझा काय दोष?

१० जानेवारी
अनुदानाची मुदत काल संपली. माझं शिफारसपत्र राहिलं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होतो. टेसा सरळ वॉर्डात राउंडला गेली. अपयश पचवायला शिकली माझ्याकडून.

२१ मार्च
टेसा हल्ली स्टॅटिस्टिक्सच्या लोरेनकडे बसते. मला मुळीच त्रास नाही. स्वावलंबी केलं पोरीला.

२३ मे
विभागाची संशोधनसभा. टेसा बोलली. जनुकं नाहीत, चौदा हॉस्पिटलं नाहीत. आपल्याच अकरा मुलांना तिनं सरळ विचारलं. सात जणांचे आईवडील वेगळे राहतात. गोळ्या एका घरी, शनिवार-रविवार दुसऱ्या घरी. तिनं दोन्हीकडे बाटल्या ठेवायला लावल्या. सातांपैकी सहा जणांच्या गोळ्या आता चुकत नाहीत. सगळे टाळ्या वाजवत उठले. मी जरा आधीच उठलो होतो, अभिनंदन स्वीकारायला.
पडद्यावर गाइड म्हणून नाव लोरेनचं.
हेलनना बाजूला घेऊन सांगितलं, चूक झालीय. त्यांनी फाइल काढली. गाइड बदलण्याचा फॉर्म, १७ जानेवारी, खाली माझी सही. कारण टेसानं लिहिलेलं: डॉ. लिंडक्विस्ट फार कामात असतात.
हेलननी विचारलं, अहो, चार महिने तुमच्या लक्षातच आलं नाही?
म्हटलं, कामात होतो.