मायचा आवाज वेगळा करताना

माय, या वयात मी शिकवणी लावली आहे. कॉम्प्युटरवर गाणी भरायची, त्यातले आवाज दुरुस्त करायचे, ते शिकते. क्लासात पोरापोरींमध्ये बसायची लाज वाटली, म्हणून एकटीची शिकवणी. जळगावात आमच्या मागच्या गल्लीत एका गादीवाल्याची मुलगी हे शिकवते. बाहेरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून तिनं खोलीच्या चारही भिंतींना बापाच्या दुकानातल्या कापसाच्या गाद्या लावल्यात. दार लोटलं की इतकं शांत होतं, की मला माझीच धडधड ऐकू येते. पहिल्या दिवशी मी दार उघडं ठेवायला लावलं. "अक्का, घाबरू नका. काही बिघडलं तरी मूळ गाणं तसंच राहतं," ती म्हणाली. मला कशाची भीती आहे, हे तिला काय सांगू?

धुळ्याला भाऊचे कान चाललेत. फोनवर तो ओरडून बोलतो, मीही ओरडून उत्तर देते. पुरते जायच्या आधी मायचा आवाज एकदा ऐकव, एवढंच त्याचं मागणं. तुझा आवाज आपल्याकडे एकाच कॅसेटवर आहे. कानबाई देवी विसर्जनाला निघाल्याची ती सकाळ, अंगणात बायका गात आहेत, आणि त्यांच्यात तू. ती कॅसेट कुणा परक्याच्या हाती द्यायची माझी छाती होईना.

मुलगी सांगते तसं मी करते. खरखर कमी करायची, एक आवाज दाबायचा, दुसरा पुढे आणायचा. मावशी लगेच ओळखू आली, तिचा तो नाकातला सूर. शेजारची काकूही सापडली. तू येत नाहीस. हेडफोन कानांवर दाबून पुन्हा पुन्हा ऐकते. "यातली आई कोणती?" मुलगी विचारते, आणि मी हेडफोन काढून ठेवते. माय, मी तुझा आवाज विसरले.

मग आपल्या स्वयंपाकघरातला एक दिवस आठवतो. तू कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक मळते आहेस आणि मी चुलीपाशी बसून कानबाईचं गाणं गळा काढून म्हणते आहे. तू रागावलीस. "इतला जोरमा नको म्हनू. कानबाईनं गानं शे, तुन्हं नही. बठ्ठासमा मिसळी जाय." देवीच्या गाण्यात एकीचाच आवाज वर आलेला तुला खपत नसे. तू जन्मभर आपला आवाज बाकीच्यांत मिसळत आलीस, आणि मी तुला त्यातून ओढून काढायला बसले आहे. हे लक्षात आल्यावर जरा धीर यायला हवा होता. भीती वाढलीच, तू आता कधीच सापडणार नाहीस अशी.

शेवटी दोन आवाज उरले, कुणाचे ते कळेना. त्यातला एक मी निवडला, साफ केला आणि धुळ्याला घेऊन गेले. भाऊ हेडफोन लावून डोळे मिटून बसला. "हाई मायच शे," म्हणाला, आणि वहिनीसमोर ढसाढसा रडला. मीही हो म्हणून मान हलवली.

तो दुसरा आवाज तुझा असेल तर? शिकवणीला अजून जाते, पण ती फाईल उघडत नाही. आता तुझी आठवण काढली की मला मी निवडलेलाच आवाज ऐकू येतो, माय, आणि तो तुझा आहे की नाही, मला माहीत नाही.