झाकण उघडू नये

सोमवार, २ डिसेंबर २०२४. सकाळी ६.४०
फ्रीझरच्या पुढच्या पट्टीवरचा आकडा वाचत होतो. रोज दोनदा वाचतो. तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे लावला आहे. चौदा महिन्यांत तापमान उणे सतराच्या वर कधी गेलं नव्हतं. आज उणे नऊ. चष्मा पुसून पुन्हा वाचला. उणे नऊ.

आत सोळा किलो कार्प मासा आहे. साफ केलेला, तुकडे केलेला, एका वेळेपुरत्या पिशव्या केलेला, प्रत्येक पिशवीवर वजन आणि तारीख. एकोणीस तारखेला संत निकोलाचा दिवस, म्हणजे आमच्या घराण्याची स्लावा, घराण्याच्या संताचा सण. उपासाचे दिवस असल्यामुळे मटण, अंडी, दूध काही चालत नाही, टेबलावर मासाच लागतो. शिवाय स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो. त्यामुळे किती येणार हे विचारताही येत नाही. मी चौतीस धरले आहेत.

यंदाची स्लावा माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी गावी बाबांनी स्लावेचा पाव मोडला, चतकोर माझ्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उरोश, पुढच्या वर्षी क्रुशेवाचला तुझ्या घरी करून दाखव. जमलं तर कायमची तुझी. नाही जमलं तर परत गावी." आई म्हणाली, "अहो, पोरगा सव्वीसचा आहे." बाबा म्हणाले, "मी तेविसाव्या वर्षी केली. तीही वीज नसताना."

निश्चय: घाबरायचं नाही. पाच वर्षांची वॉरंटी आहे. फ्रीझर घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी वॉरंटी कार्ड दुकानात स्वतःच्या हाताने लॅमिनेट केलं. (मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. कागदाची किंमत मला कळते.)

त्याच दिवशी, सकाळी ८.३०
कस्टमर केअरला फोन. बावीस मिनिटं पियानो. मग इस्क्रा नावाची मुलगी आली. फार सभ्य. तक्रार नंबर ४०७१८. म्हणाली, तंत्रज्ञ अठ्ठेचाळीस तासांत येईल. तोपर्यंत झाकण उघडू नये, आतलं काही हलवू नये, प्लग काढू नये, नाहीतर छेडछाड धरली जाते. मी सगळं लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "साहेब, तुमच्यासारखे ग्राहक फार कमी असतात."

आपल्या लोकांना व्यवस्थेवर विश्वास ठेवायची सवय नाही, त्यामुळे व्यवस्था चालत नाही. मी ठेवणार.

बुधवार, ४ डिसेंबर. सकाळी ८.३०
अठ्ठेचाळीस तास झाले. कुणी आलं नाही. फोन केला. इस्क्रा नव्हती, दुसरा कुणी होता. तास म्हणजे कामाचे तास, असं म्हणाला. दिवसाचे आठ. म्हणजे सहा दिवस, आणि शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. हिशोब केला. सोमवारपर्यंत येईल. एकोणीसला अजून भरपूर अवकाश आहे.
आकडा: उणे तीन.

गुरुवार, ५ डिसेंबर
समोरच्या झागोर्काकाकू साखर मागायला आल्या आणि फ्रीझर बघून गेल्या. म्हणाल्या, "अरे पोरा, बाहेर उणे सहा आहे! बाल्कनीत टाक तो मासा. आख्खी बिल्डिंग बाल्कनीतच ठेवते." मी त्यांना शांतपणे समजावलं, की बाल्कनीचं तापमान प्रमाणित नसतं, आणि मासा हलवला तर वॉरंटीत छेडछाड धरतात. त्या म्हणाल्या, "मासा वॉरंटीत आहे का?" मी म्हटलं, "नाही, फ्रीझर आहे." त्या म्हणाल्या, "मग खा फ्रीझर."
साखर परत केलेली नाही.

शनिवार, ७ डिसेंबर
आकडा: अधिक दोन. तरीही आतला गोठलेला मासा स्वतःच स्वतःला गार ठेवतो, असं कुठेतरी वाचलं आहे. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, म्हणजे चुकूनही उघडलं जाणार नाही. पट्टीवर तारीख घातली आणि सही केली. तंत्रज्ञ आला की त्याला सगळं जसंच्या तसं मिळेल.

आईचा फोन. मासा कसा आहे विचारलं. आहे, म्हटलं. हे खोटं नाही.

सोमवार, ९ डिसेंबर
कुणी आलं नाही. दुकानातून कंपनीला पत्र लिहिलं. दोन पानं, सात मुद्दे, एकही चूक नाही. माध्यमिक शाळा तिसऱ्या वर्षी सोडली तरी शुद्धलेखनात मला आजवर कुणी पकडलेलं नाही. कचेरीतले लोकसुद्धा अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. चार मिनिटांत उत्तर आलं: तुमचा संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. त्यात दोन चुका होत्या. दुरुस्त करून परत पाठवलं.

मालक म्हणाले, "उरोश, पत्र लिहिण्यात वेळ घालवतोस त्यापेक्षा एक भाऊबंद शोध कंपनीत. आपल्याकडे फ्रीझर कंपनी नाही दुरुस्त करत, ओळख दुरुस्त करते." हीच ती जुनी मनोवृत्ती.

बुधवार, ११ डिसेंबर
कंपनीचा फोन आला! त्यांनी स्वतःहून केला. वॉरंटी कार्डाचा फोटो मागितला. मी तयारच होतो. पाठवला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन: कार्ड प्लास्टिकमध्ये आहे का? मी अभिमानाने हो म्हणालो. ती बाई म्हणाली, तंत्रज्ञाला कार्डावर नोंद करून शिक्का मारावा लागतो. प्लास्टिकवर शाई टिकत नाही. लॅमिनेट केलेलं कार्ड म्हणजे फेरफार केलेला दस्तऐवज. "मूळ स्थितीत आणा, साहेब."

चौदा महिने मी ते कार्ड बोटाच्या ठशांपासून जपलं.

गुरुवार, १२ डिसेंबर
प्लास्टिक काढता येतं. गरम इस्त्री आणि धीर लागतो. धीर माझ्याकडे आहे, इस्त्री झागोर्काकाकूंकडून आणली. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. कोपरा सुटला, मग कड सुटली. कागद पूर्णपणे बाहेर आला. दुकानाचा शिक्का, विक्रीची तारीख आणि फ्रीझरचा क्रमांक मात्र प्लास्टिकवर राहिले.

काकू म्हणाल्या, "आता एक कार्ड पांढरं आणि एक पारदर्शक. दोन्ही धरून उजेडात दाखव, वाचता येईल." मला वाटतं त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. दोन्ही एका पाकिटात ठेवली आणि पाकिटावर लिहिलं: मूळ स्थिती.

शनिवार, १४ डिसेंबर
आकडा: अधिक अकरा. तक्त्यात नवा रकाना घातला: वास. आजची नोंद: सौम्य.
कदाचित नाल्याचा असेल.

रविवार, १५ डिसेंबर
नाल्याचा नाही. जिन्यात कुणीतरी कागद लावला: "तिसऱ्या मजल्यावर जो कोणी मेला आहे, त्याला कृपया पुरावे." अक्षर झागोर्काकाकूंचं वाटलं, पण त्या असं व्यवस्थित लिहीत नाहीत. मी खाली जाऊन कागदाच्या पाठीमागे उत्तर लिहिलं: तक्रार ४०७१८ प्रलंबित आहे.

वर आलो तर काकू चाकू घेऊन स्वयंपाकघरात. चिकटपट्टी कापली होती, सहीच्या मधोमध. मी म्हटलं, "काकू, ही छेडछाड आहे!" त्या म्हणाल्या, "हो. आता नाक धर आणि पिशव्या उचल."

सोळा किलो. तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीपासून मांजरं बरोबर होती. तिसऱ्या फेरीत त्यांनीही नको म्हटलं.

पिशव्यांवरच्या तारखा शेवटपर्यंत नीट वाचता येत होत्या.

मंगळवार, १७ डिसेंबर. दुपारी १
बाजारात कार्प नाही. अर्ध्या शहराची स्लावा निकोलालाच असते, हे मी हिशोबात धरलं नव्हतं. टाकीत एकच मासा होता. विकणारा म्हणाला, तो विकायचा नाही, तो टाकी जिवंत आहे हे दाखवायला ठेवलाय. तीन किलो गोठवलेला हेक मासा मिळाला. बाल्कनीत ठेवला. हा माघार घेण्याचा प्रकार नाही. परिस्थिती बदलली की पद्धत बदलते.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने किती किलो होता ते पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "बाबांना मी सांगत नाही. तू सांग." मी उद्या सांगणार.

बुधवार, १८ डिसेंबर. सकाळी ९.१५
कंपनीचा संदेश!! तंत्रज्ञ तिहोमिर गुरुवारी १९ तारखेला दहा ते चारच्या दरम्यान येईल. बघितलं? उशीर झाला, पण व्यवस्था चालली. आता बाबांना वेगळं सांगायची गरजच नाही. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, की त्यांच्या मुलाने एक फोन केला आणि कंपनीने सणाच्या दिवशी माणूस पाठवला.

निश्चय: उद्या तंत्रज्ञ आल्यावर त्याला थेट स्वयंपाकघरात न्यायचं. अर्धा तास पुरेल.

शुक्रवार, २० डिसेंबर. सकाळी १०.००
काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

बाबा-आई आठ वाजता आले. बाबांनी फ्रीझर उघडला, आत बघितलं, बंद केला. नंतर बाल्कनीत गेले, तीन किलो हेक बघितला, परत आले. "हे?" म्हणाले. एवढंच.

साडेनऊला झागोर्काकाकू दोन मोठे ट्रे घेऊन आल्या. भाजलेला कार्प, सात किलो. मला समजत नव्हतं कुठून. त्या म्हणाल्या, "माझ्या बाल्कनीतून. तू चिकटपट्टी लावलीस त्याच दिवशी घेऊन ठेवला." बाबांनी उठून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

पाहुणे आले. चौतीस नाही, एक्केचाळीस. यजमान स्लावेला बसत नाही, दिवसभर उभं राहून वाढायचं असतं, म्हणून मी उभा होतो.

सव्वाअकराला बेल. हातात हत्यारांची पेटी, छातीवर कंपनीचं नाव. तिहोमिर. पन्नाशीचा, गालावर थंडीने लाल डाग. मी म्हटलं, "या, या, फ्रीझर इकडे." त्याने दारातच टोपी काढली. स्लावेची मेणबत्ती बघितली, टेबल बघितलं. पेटी बाहेर जिन्यात ठेवली. म्हणाला, "यजमान, स्लावा शुभ होवो! मला कुणी सांगितलं नाही, नाहीतर सफरचंदं तरी आणली असती."

मी म्हटलं, "पण फ्रीझर..." बाबा मागून म्हणाले, "उरोश! माणूस उंबरठ्यात उभा आहे." उंबरठा ओलांडलेला माणूस स्लावेला पाहुणा असतो, आणि पाहुण्याला काम सांगता येत नाही. मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. परवा संदेश वाचताना आठवलं नाही.

तो शिजवलेला गोड गहू चमचाभर खाऊन बसला. मासा तीनदा घेतला. राकिया दारूचे चार पेले. सूप वाढताना मी हळूच विचारलं, निदान बाहेरून बघून काय वाटतं. तो स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाला, "कॉम्प्रेसरचा रिले असणार. पाच मिनिटांचं काम. पण आज निकोलाच्या दिवशी पेचकस हातात धरला तर आई कबरीतून उठून मला बडवेल." सगळे हसले. बाबा सगळ्यात मोठ्याने.

मग त्याने उभं राहून यजमानाच्या नावाने पेला उचलला. इतकं सुंदर बोलला, की आई रडली. घराला भरभराट, टेबलाला कायम माणसं, यजमानाला बायको. बाबा त्याला मिठी मारून म्हणाले, "पुढच्या वर्षी येशील ना?" तो म्हणाला, "आलो समजा."

जाताना त्याने टॅबलेट काढला. भेट झाली म्हणून नोंद करायला लागते. त्यात दोनच पर्याय होते: "दुरुस्ती केली" आणि "बिघाड आढळला नाही". तो म्हणाला, "यजमान, दुरुस्ती मी केली नाही. संताच्या दिवशी खोटं नाही लिहिणार." मी म्हटलं, "बरोबर आहे." सही केली. जेवून उठलेल्या पाहुण्याशी वाद घालणं यजमानाला शोभत नाही. मूळ स्थितीचं पाकीट मी त्याला दाखवलंच नाही. ते काढायची वेळच आली नाही. पुढची तारीख त्याला विचारली. म्हणाला, आता नाताळ, मग जुन्या कॅलेंडरचं नवीन वर्ष, जानेवारीच्या शेवटी बघू.

संध्याकाळी निघताना बाबांनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, स्लावा कायमची तुझी. ते म्हणाले, "उभं राहायला छान जमतं तुला. पुढच्या वर्षी गावी ये, तिथे उभा राहा. मासा मी बघतो." मग झागोर्काकाकूंना म्हणाले, "तुम्हीपण या." तिहोमिरचा फोन नंबर मात्र त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

आज सकाळी कंपनीचा संदेश आला: भेट कशी वाटली, एक ते पाच. पाच दिले. तो माझ्या टेबलावर जेवला होता.

एकूण:
कार्प, सोळा किलो (मांजरांनी नाकारलेला): ११,२०० दिनार
हेक, तीन किलो (कुणी हात लावला नाही): २,७०० दिनार
चिकटपट्टी: १८० दिनार
देणं, झागोर्काकाकू: सात किलो कार्प, एक इस्त्री (तळ जळालेला). पैसे घेणार नाहीत, सांगितलं आहे.
देणं, कंपनी: विनाकारण बोलावल्याबद्दल भेटशुल्क, बिघाड न आढळल्यामुळे: २,४०० दिनार. आठ दिवसांत.