चमचाभर पाण्याची रिकामी फेरी

सौ. लेकीच्या आईस,

लेकीच्या उशाशी बसून लिहितो आहे. इकडे ठीक आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, माझी उशी तेवढी दगडासारखी. तुझा गुडघा काय म्हणतो? मी येईपर्यंत माळ्यावर चढू नकोस.

आज सिस्टर म्हणाल्या, "काका, हिच्या औषधाचा रूट बदलायचाय." मी जन्मभर बस चालवलेला माणूस, रूट म्हटलं की डोळ्यांपुढे पाटी येते. त्यांनी समजावलं, औषध शरीरात कुठल्या वाटेने जातं, त्यालाही इथे रूटच म्हणतात. गळ्याच्या ऑपरेशनपासून सुईची वाट होती, आता तोंडाची. मात्र गिळता आलं तरच. नाहीतर नाकातून नळी.

मी म्हटलं, "नवा रूट मिळाला की आम्ही आधी रिकामी बस नेऊन बघायचो."

"मग आपणही तेच करू," म्हणत त्यांनी नुसतं चमचाभर पाणी दिलं.

पहिल्या चमच्याला जोराचा ठसका लागला. माझा पाय आपसूक ब्रेक शोधायला लागला. दुसरा चमचा मात्र हळूहळू खाली उतरला.

तिचं पाणी बंद झाल्यापासून मी तिच्यासमोर प्यायलो नव्हतो, जिन्यापाशी जाऊन प्यायचो. पोरीला ते कळलेलं होतं. माझ्या बाटलीकडे बोट दाखवून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, आता इथेच प्या."

प्यायलो.

तूही आज पोटभर जेव. ती विचारील, तेव्हा मला खरं सांगता आलं पाहिजे.

तुझा,
ड्रायव्हर