तीन-तीन गोळ्या

३ मार्च, मंगळवार

अकरा नंबरची लस पास होणार. आजच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ताईंना आधी माहीत नव्हतं.

वीस तारखेला समिती बसणार. मॅडमच्या हातात तीन लसी आहेत, त्यातली एकच पुढे जाणार. तिचे आकडे माझ्या प्लेटवरून निघणार. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, आणि डोकं असं की मी दहा वेळा जन्म घेतला तरी येणार नाही. पण प्लेटवर मलेरियाचा परजीवी वाढवायला लागतो हात. तो माझा. एकोणीस वर्षांत माझी एक प्लेट नासलेली नाही.

आज एका शाळेची मुलं बघायला आली होती. मॅडम म्हणाल्या, ‘ताई, तुम्हीच सांगा.’ सांगितलं. मलेरियाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिलाच खातो, दोन दिवसांत त्याची सोळा-वीस पिल्लं होतात, पेशी फुटते आणि एकेक पिल्लू नवं घर शोधायला निघतं. बाहेर त्याला जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात नव्या पेशीला चिकटायचं, डोकं तिच्याकडे वळवायचं, घट्ट पकडायचं आणि रेटत आत जायचं. अकरा नंबरची लस आम्ही सशांना दिली. त्यांच्या रक्तात जी प्रतिपिंडं तयार झाली, ती ही पकडच बसू देत नाहीत. पकड नाही तर प्रवेश नाही. कार्टं दारातच मरतं.

एका मुलीने विचारलं, ‘तुम्हाला मलेरिया झाला तर?’ म्हटलं, ‘होऊन गेला. नवव्या वर्षी. बघ, उभी आहे की नाही?’

सगळी हसली. धाकट्या भावाचं काही बोलले नाही. मुलांसमोर कशाला.

५ मार्च, गुरुवार

कार्टी जोरात वाढताहेत. शंभर पेशींत चार. दृष्ट लागेल अशी.

९ मार्च, सोमवार

आज एक शहाणपणा केला. मॅडमना सांगितलेला नाही.

सकाळी प्रतिपिंड न घातलेल्या प्लेट लावल्या. तुलनेला त्या लागतातच. अकरा नंबरच्या प्लेट लावायला बसले तर रक्ताची पिशवी संपलेली. रक्तपेढीला फोन केला. ‘गुरुवारी देतो.’ गुरुवारी! इथे परजीवी फुटायच्या बेतात आणि हे गुरुवारी देणार. ते काही माझ्यासाठी थांबत नाहीत.

खाली दवाखान्यात गेले. सिस्टरना म्हटलं, काढा दोन नळ्या. माझा गट तोच, प्रकृती ठणठणीत. आपलं रक्त आपल्या प्लेटवर वापरायचं नाही असा नियम आहे. भिंतीवर लावलेला आहे, आणि अक्षरही माझंच आहे. पण रक्त बदललं म्हणून आकडा दोन-तीनच्या वर हललेला मी कधी पाहिला नाही. पेशी धुतल्या, प्लेटवर घातल्या, नळीवर ‘नवीन’ असं लिहिलं. काम थांबलं नाही. नियम नवख्यांसाठी असतात.

११ मार्च, बुधवार

त्र्याण्णव!

शंभरातली त्र्याण्णव कार्टी पेशीत शिरूच शकली नाहीत. सूक्ष्मदर्शकावर आमचा भिंगवाला असतो. दिवसभर डोळा काचेला लावून मोजत बसतो, म्हणून हे नाव. त्याने तीनदा मोजलं. ‘ताई, रिकामं मैदान आहे,’ म्हणाला. मॅडम धावत आल्या. आजवर कुठल्याही लसीने आमच्याकडे साठी ओलांडलेली नाही. मी खुर्चीवर ऐसपैस बसले आणि म्हटलं, ‘मी मंगळवारीच सांगितलं होतं.’ कोणाला सांगितलं होतं? या वहीला. असू दे.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला त्र्याण्णव कळलं नाही, माझा चेहरा कळला. लगेच सफरचंद काढलं. आईची वाटणी म्हणजे बघण्यासारखी. सुरी मधोमध धरणार, एक डोळा मिटणार, मग कापणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली तरी दोन फोडींत केसाचा फरक नाही.

मग तीच ती गोष्ट. मी नऊची, धाकटा चारचा. दोघांना एकाच आठवड्यात ताप. बाबा फिरतीवर. दवाखान्यात औषध उरलं होतं एकापुरतंच, सहा गोळ्या. आईने तीन-तीन वाटल्या. मी उठले. तो उठला नाही. ‘दोघांना सारखं दिलं,’ आई म्हणते, ‘त्यात मी खोट केली नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तिच्याआधी माझ्या तोंडात येतं. त्या वाक्यावर तिने पंचेचाळीस वर्षं काढली. आणि मी एकोणीस काढली या प्लेटवर. अकरा नंबर पुढे गेली की कुठल्या आईला गोळ्या वाटाव्या लागणार नाहीत. एवढंच मला रिटायर व्हायच्या आत बघायचंय.

१२ मार्च, गुरुवार

नवी पिशवी आली. मॅडम म्हणाल्या, ‘समितीला एकदाचा आकडा चालत नाही. पुन्हा लावा.’ लावते की. हातचा मळ आहे.

१४ मार्च, शनिवार

चौतीस.

भिंगवाल्याला पुन्हा मोजायला लावलं. चौतीस. त्याला म्हटलं, झोप झाली नाही वाटतं तुझी. स्वतः मोजलं. चौतीस.

मग वही उघडून एकेक ताडून पाहिलं. प्लेट तीच, परजीवी तेच, प्रतिपिंडं तीच. बदललं काय? रक्त. सोमवारी साध्या प्लेट जुन्या पिशवीवर लावल्या होत्या, अकरा नंबरच्या माझ्या रक्तावर. तुलना केली कशाची कशाशी!

नळीत थोडं माझं रक्त उरलं होतं. त्यावर प्रतिपिंड न घालता परजीवी सोडले. नुसतेच. सोमवारी बघू.

१६ मार्च, सोमवार

प्रतिपिंडाचा थेंब नाही, आणि तरी शंभरातली नव्वद बाहेरच मेलेली. अकरा नंबरने फारसं काही केलंच नव्हतं. जे काय केलं ते माझ्या रक्ताने.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एकोणीस वर्षांत एक प्लेट नासली नाही, आणि नासली ती ही.

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं. दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, भिंतीवरच्या माझ्या अक्षरासकट.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी समितीला पाठवलेला आकडा माझ्यासमोर मागे घेतला. त्र्याण्णव खोडून चौतीस. मी मान वर केली नाही.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. ‘थांबा. प्रतिपिंडाशिवाय नव्वद म्हणालात?’

दुपारभर आम्ही तिघं कॅमेऱ्यातून बघत बसलो. पेशी फुटते, पिल्लं उधळतात. एक येऊन माझ्या पेशीला चिकटतं, वळतं, रेटा देतं, आणि घसरतं. पुन्हा रेटा, पुन्हा घसरतं. मग गप्प. भिंगवाला म्हणाला, ‘ताई, तुमच्या पेशीसुद्धा कोणाचं ऐकत नाहीत.’ मॅडम हसल्या. म्हटलं, सुटले.

२० मार्च, शुक्रवार

अकरा नंबर फडताळात गेली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मॅडमनी समितीला माझ्या रक्ताचं चित्र दाखवलं. काय चुकलं तेही सांगितलं, नाव न घेता. मीच उठून म्हटलं, ‘चूक माझी, रक्तही माझंच.’ त्यावर समितीतले म्हातारे डॉक्टर म्हणाले, ‘दोन्ही सांभाळून ठेवा.’ पैसे मिळाले, नवं काम मिळालं. ज्या रक्तात परजीवी शिरत नाही, त्यातून लसीसाठी काय शिकता येईल ते शोधायचं. गाडी पुन्हा रुळावर आली.

२४ मार्च, मंगळवार

कारण सापडलं! माझ्या पेशींचं आवरण गच्च ताणलेल्या चादरीसारखं आहे. पकडीत येतच नाही. जन्मापासून असं.

मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हाला ताप येईल, पण मलेरिया तुमच्या जिवावर बेतणं फार कठीण.’

म्हटलं, ‘नवव्या वर्षी झाला होता की. गोळ्यांनी उतरला.’

‘गोळ्या नसत्या तरी उतरला असता, ताई.’

भिंगवाला म्हणाला, ‘म्हणजे लस यांच्या अंगात आणि आपण सशांच्या मागे.’ खूप हसलो. हे कोणाकडून आलं ते बघायला आईचं रक्त हवंय. आता मी नुसती प्लेट लावणारी राहिले नाही, प्लेटच झाले!

२५ मार्च, बुधवार

आईने रक्त दिलं. सिस्टरना म्हणाली, ‘दुसऱ्या हातातूनही घ्या, तेवढंच.’ वाटणी.

२७ मार्च, शुक्रवार

आईकडूनच आलंय. मला आलं, धाकट्याला आलं नसणार.

तिला फक्त पहिलं सांगितलं. केवढी खूश झाली. म्हणाली, ‘म्हणजे तुला मी दोनदा वाचवलं. एकदा रक्ताने, एकदा गोळ्यांनी.’ हो म्हटलं.

दोनदा नाही, आई. रक्त पुरेसं होतं. माझ्या तीन गोळ्या त्याच्या होत्या.

तिने सफरचंद काढलं, एक डोळा मिटला, कापलं. माझं अर्धं माझ्यापुढे ठेवलं. ती बघत होती, म्हणून सगळं खाल्लं.